हातात धरून टेली लेन्सने काढलेले पक्ष्यांचे फोटो शार्प का येत नाहीत?

पाणकावळा | ७ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं पैसे साठवून ऑक्टोबरात १५०-६०० मिमी झूम लेन्स घेतली. क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान) २४ मेगापिक्सेल बॉडी आधीपासून होती. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पुण्याजवळचं कवडीपाट गाठतो. पक्षी भरपूर दिसतात, फोटोही भरपूर निघतात, पण घरी येऊन लॅपटॉपवर उघडले की जीव खट्टू होतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर छान वाटलेला धोबी मोठा करून बघावा, तर पिसं कुठेच नाहीत, नुसता राखाडी-पांढरा लेप. डोळा म्हणजे एक काळा ठिपका. शंभरात पाच-सहा फोटो बरे निघतात.

आज सकाळचा एक खाली जोडलाय. ६०० मिमी, ॲपर्चर एफ/८, शटर १/३२० सेकंद, आयएसओ ४००, वेळ ७.५०. ॲपर्चर प्रायॉरिटी, स्टॅबिलायझेशन चालू, सिंगल फोकस. पक्षी दगडावर बसलेला, अंतर अंदाजे दहा मीटर.

एफ/८ ठेवतो कारण या झूम तिथे जास्त शार्प असतात असं वाचलंय. आयएसओ ४०० च्या वर नेत नाही, नॉइज (दाणे) येतो म्हणून. ट्रायपॉड आहे, पण नदीकाठाने चालत फिरायचं असतं आणि तो लावेपर्यंत पक्षी उडालेला असतो, त्यामुळे हातात धरूनच काढायचेत. लेन्समध्ये दोष असेल का? विकून टाकू का? खूप आशेने घेतली होती.

शेकाट्या | ७ जानेवारी, रात्री ९.३२

लेन्स विकू नका. १/३२० वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधीच उत्तर मिळालं. आयएसओ वाढवा, शटर १/१००० च्या खाली येऊ देऊ नका. आठवडाभर एवढंच करून बघा.

नदीकाठ | ७ जानेवारी, रात्री १०.२५

शेकाट्यांचं बरोबर आहे, पण हे का करायचं तेही कळलं पाहिजे, नाहीतर पुढच्या ढगाळ सकाळी तुम्ही परत १/३२० वर याल.

जुना नियम असा की हातात धरून काढताना शटर स्पीड निदान 'एक भागिले फोकल लेंग्थ' एवढा तरी हवा. तुमची बॉडी क्रॉप, म्हणजे ६०० गुणिले १.५ धरा, ९००. नियमाप्रमाणे १/९०० हवं, तुम्ही १/३२० वर आहात. हा नियमही फिल्मच्या काळातला, छोट्या प्रिंटसाठीचा. आपण आता २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के मोठा करून पक्ष्याच्या पापणीकडे बघतो.

थोडं गणित करून दाखवतो. तुमच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी आणि त्यात ६००० पिक्सेल. ६०० मिमीला, दहा मीटरवरच्या पक्ष्यावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.०६५ मिमी. शटर उघडं असताना लेन्सचा नेम पक्ष्याच्या अंगावर अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी प्रत्येक पीस सात-आठ पिक्सेलवर फासलं जातं. दहा मीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे मनगटाची किती कमी हालचाल, विचार करा. नाडीच्या ठोक्यानेसुद्धा तेवढी होते.

आता तुमच्याच आकड्यांतून शटर कसा मिळतो बघा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. एफ/८ वरून एफ/६.३ वर या: दोन तृतीयांश स्टॉप. आयएसओ ४०० वरून १६०० करा: दोन स्टॉप. दोन्ही मिळून प्रकाश सहा पटीहून जास्त. म्हणजे त्याच सकाळी, त्याच धोब्याला तुम्हाला जवळजवळ १/२००० मिळत होता. तो शटर तुमच्या हातात होता आणि तुम्ही तो आयएसओच्या भीतीने सोडून दिलात.

नॉइज नंतर काढता येतो. आजकालच्या डिनॉइज सॉफ्टवेअरने आयएसओ ३२०० चा फोटो अगदी स्वच्छ होतो. हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही, कारण पिसांची माहिती तिथे नोंदलीच गेलेली नसते.

हिरवीफांदी | ८ जानेवारी, सकाळी ७.०५

नदीकाठकाका, पिक्सेलचं गणित फार छान. मी त्यात एक भर घालते. 'शार्प नाही' या एका शब्दात चार वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. फोटो मोठा करून आधी आजार ओळखायचा.

सगळ्या फ्रेममध्ये एकाच दिशेने फासल्यासारखं दिसतंय, दगडावरच्या चमकत्या थेंबाची छोटी रेघ झालीय: हात हलला. दगड खणखणीत आणि पक्षी मात्र पुसट: पक्षी हलला. पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत शार्प: फोकस चुकला. आणि कुठेच काही शार्प नाही, कडा पाण्याखाली बघितल्यासारख्या वेड्यावाकड्या, लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये चोचीचा आकारही वेगळा: ती तापलेली हवा.

पाणकावळा, तुमच्या फोटोत मला दोन आजार दिसतात. दगडाची कड किंचित फासलीय, पण धोब्याची शेपटी त्याहून जास्त. धोबी सतत शेपटी हलवतो, बसलेला असला तरी तो 'बसलेला' नसतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरेल, त्याची शेपटी नाही.

पाणकावळा | ८ जानेवारी, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत सगळं वाचलं. नदीकाठकाका, ते ०.०६५ मिमी वाचून पोटात गोळाच आला. ताई, दगडाची कड आणि शेपटी असं वेगळं बघायचं मला सुचलंच नव्हतं. जुने फोटो उघडून बसलोय. बऱ्याच ठिकाणी पायाजवळचा चिखल शार्प आहे आणि डोळा नाही. म्हणजे फोकसही चुकतोय का?

भोवत्या | ८ जानेवारी, रात्री ८.४०

फोकस चुकतोय, आणि कारण तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय: सिंगल फोकस.

६०० मिमी, एफ/६.३, दहा मीटरला क्रॉप बॉडीवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, जेमतेम सात सेंटिमीटर. पाच मीटरवर एखादा शिंजीर आला तर दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. उभा माणूस दोन किलोची लेन्स धरून स्थिर राहत नाही, पुढेमागे दोन-तीन सेंटिमीटर डोलतोच. सिंगलमध्ये फोकस एकदा लॉक झाला, मग तुम्ही श्वास सोडलात आणि झुकलात, की डोळा गेला हातचा. म्हणून पक्षी बसलेला असला तरी कंटिन्युअस, म्हणजे सतत चालू राहणारा फोकस ठेवा. निकॉन, सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्वो.

बॅक बटण फोकस लावून घ्या, म्हणजे अंगठ्याने फोकस आणि तर्जनीने फक्त शटर. पहिले दोन दिवस बोटं गोंधळतील, नंतर सवय होते. फोकस पॉइंट मधला एकच किंवा छोटा गट, आणि तो डोळ्यावर. झुडपातल्या पक्ष्याला मोठा गट दिला की कॅमेरा पुढची काडी पकडतो. मिररलेसवाल्यांना बर्ड आय डिटेक्शनने हे बरंच सोपं झालंय, तरी दाट फांद्यांत मी अजून एका पॉइंटवरच येतो.

लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल. पक्षी लांबचेच असतील तर तो 'लांब' वर ठेवा, लेन्स टोकापासून टोकापर्यंत शोधत बसणार नाही.

मांडवी | ८ जानेवारी, रात्री ९.२०

सेटिंग सगळे सांगतात, धरायचं कसं ते कोणी सांगत नाही. माझी चण लहान आहे, त्यामुळे मला ते शिकावंच लागलं.

डावा हात झूम रिंगच्या कितीतरी पुढे, हूडच्या जवळ, तळवा वर करून लेन्सच्या खाली. लेन्स ट्रायपॉडवर बसवायच्या कॉलरचा पाय फिरवून वरच्या बाजूला न्या, तो तळव्यात टोचत राहिला की हात थरथरतो. कोपर बरगडीला टेकलेलं, हवेत नाही. व्ह्यूफाइंडरचं रबर भुवईला घट्ट दाबलेलं, म्हणजे डोकं हा तिसरा आधार झाला. एक पाऊल पुढे, गुडघे किंचित सैल. स्क्रीनवर बघत हात लांब करून टेली कधीच वापरायची नाही.

बसता आलं तर बसावं. जमिनीवर बसून दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवली की मला निदान एक स्टॉप जास्त मिळतो, आणि पाणपक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आल्यामुळे फोटोही सुंदर येतो. झाड असेल तर खांदा झाडाला.

शटर खटकन दाबू नका. अर्धं दाबून अर्धा-एक सेकंद स्टॅबिलायझरला स्थिर होऊ द्या, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगायचं थांबलेलं दिसतं, मग श्वास अर्धा सोडून हळू दाबा. तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्या. पहिली फ्रेम बोटाच्या धक्क्याने हलते, दुसरी-तिसरी बहुतेक वेळा सगळ्यात चांगली असते.

आणि थकवा. लेन्स दोन किलोची, बॉडी पाऊण किलोची. सतत डोळ्याला लावून ठेवली तर पाच मिनिटांत दंड भरून येतात आणि त्यानंतरचे सगळे फोटो हलतात. पक्षी काही करत नसेल तेव्हा खाली घ्या. मी शेवटी ३०० मिमीची हलकी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली. गोव्यातल्या चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडीतून तीन तास फिरल्यावर माझ्या हातात तीच जास्त शार्प ठरते. कागदावर कुठली लेन्स मोठी आहे याने काही फरक पडत नाही.

शेकाट्या | ८ जानेवारी, रात्री ९.४८

मांडवीताईंना +१. स्टॅबिलायझेशनबद्दल माझं मत: १/१६०० च्या वर गेलात की बंदच करा. उडणाऱ्या पक्ष्यामागे लेन्स फिरवताना तो उलट ओढतो.

भोवत्या | ८ जानेवारी, रात्री १०.१०

सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही. निकॉनच्या व्हीआरला स्पोर्ट मोड असतो, कॅननच्या आयएसला आणि सिग्माच्या ओएसला (ही सगळी स्टॅबिलायझेशनचीच नावं) पॅनिंगसाठी, म्हणजे पक्ष्यामागे लेन्स फिरवण्यासाठी, मोड २ असतो, तो आडवी हालचाल सोडून देतो. शिवाय ६०० मिमीला व्ह्यूफाइंडर स्थिर असला की फोकस पॉइंट डोळ्यावर टिकवणं सोपं जातं, तो फायदा १/३२०० लाही आहेच.

नदीकाठ | ८ जानेवारी, रात्री १०.३१

दोघांचंही आपापल्या लेन्सपुरतं खरं असेल. पाणकावळा, तुम्ही स्वतः तपासा. सकाळच्या थंड हवेत गच्चीत वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, दहा-बारा मीटरवरून कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस. हा तुमच्या लेन्सचा खरा दर्जा. तो चांगला निघाला तर लेन्स निर्दोष. लाइव्ह व्ह्यूत चांगला आणि व्ह्यूफाइंडरमधून फोकस केल्यावर मऊ आला, तर डीएसएलआरमध्ये एएफ फाइन ट्यून (कॅमेऱ्यातून फोकसची चूक दुरुस्त) करावं लागेल. मिररलेसला तो प्रश्न नाही.

मग हातात धरून वेगवेगळ्या शटरला दहा-दहा फोटो, आणि शार्प किती ते मोजा. तुमच्या हाताची मर्यादा दुसऱ्या कोणाच्या पोस्टमधून कळणार नाही.

हो, आणि लेन्सच्या पुढे फिल्टर लावलाय का?

पाणकावळा | ८ जानेवारी, रात्री १०.५०

लावलाय. घेतानाच दुकानदाराने काच सुरक्षित राहील म्हणून दिला. साधाच आहे, नऊशे रुपयांचा.

नदीकाठ | ८ जानेवारी, रात्री १०.५८

काढून ठेवा आणि चाचणी दोन्ही प्रकारे करा. ६०० मिमीला पुढच्या काचेतला बारीकसा दोषही मोठा होऊन दिसतो. संरक्षणाला हूड पुरेसा आहे.

सह्यवाट | १० जानेवारी, सकाळी ११.३०

उशिरा येतोय. हिरवीफांदी यांनी लिहिलेल्या चौथ्या आजाराबद्दल, तापलेल्या हवेबद्दल, कारण तो सगळ्यात जास्त फसवतो.

मी नाशिकचा. नांदूर मध्यमेश्वरला निरीक्षण मनोऱ्यावरून लांबच्या चक्रवाकांचे फोटो काढत वर्षभर लेन्सला दोष देत होतो. शटर १/२५००, ट्रायपॉड, तरीही सगळं मऊ. मग एकदा सकाळी सातला आणि परत अकराला त्याच खांबाचा फोटो काढला. सातचा खांब सरळ, अकराचा नागमोडी. जमीन आणि पाणी वेगवेगळं तापतं, वर चढणारी हवा भिंगासारखी प्रकाश वळवते. थंडीत हे जास्त चालतं, कारण जमीन उन्हाने पटकन तापते आणि हवा गार असते. लांबच्या पक्ष्याला याचा फटका जास्त, कारण मधे हवा जास्त.

याला कुठलंही सेटिंग नाही. एकतर साडेनऊच्या आत काम उरका, नाहीतर जवळच्या पक्ष्यांकडे वळा. गाडीतून काढत असाल तर हीटर बंद, इंजिन बंद, काच आधीच खाली करून आतली-बाहेरची हवा सारखी होऊ द्या. तापलेल्या बॉनेटवरून कधीही नेम धरू नका. आणि गाडीत असताना खिडकीवर तांदूळ किंवा ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवा, त्यावर लेन्स. हा ट्रायपॉडइतकाच चांगला आधार आहे.

मांडवी | १० जानेवारी, दुपारी १२.१०

आमच्याकडे वेगळाच त्रास, एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर बाष्प. पहाटे निघताना बॅग अर्धा तास आधी बाहेर ठेवते.

होडीचं राहिलं. होडीच्या काठावर कोपर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगायचं, मधल्या फळीवर न बसता तळाशी बसायचं.

हिरवीफांदी | १० जानेवारी, रात्री ८.१५

अंतराबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. अंतर निम्मं झालं की पक्ष्यावर चौपट पिक्सेल येतात. कुठल्याही महागड्या लेन्सने एवढी सुधारणा होत नाही. पण निम्मं अंतर पक्ष्यामागे धावून मिळत नाही. मी खंड्यासाठी एकाच फांदीपासून आठ मीटरवर, दगडाच्या आडोशाने, सलग चार सकाळी बसले. पहिल्या दिवशी तो मला बघून तीन वेळा परत फिरला. चौथ्या दिवशी आला, बसला, मासा आपटून आपटून खाल्ला. त्याला माझी सवय झाली होती.

घरट्याजवळ मात्र अशा बसण्याने नुकसान होतं. पिल्लांना भरवायला आलेला पक्षी आपल्याला घाबरून चोचीत किडा धरून लांब ताटकळत बसतो. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणंही तसंच. सिंहगडच्या दरीत स्वर्गीय नर्तकाच्या मागे दहा-बारा कॅमेरे धावताना मी बघितलेत आणि त्या पक्ष्याची धावपळ बघून मला फार वाईट वाटलं. तो फोटो शार्प आला तरी मला नको.

शेकाट्या | १० जानेवारी, रात्री ८.५०

ताई, शब्द न् शब्द पटला.

पाणकावळा | १४ जानेवारी, रात्री ९.४०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना! परवा गच्चीत चाचणी केली, आज कवडीपाटला जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

ट्रायपॉडवर, फिल्टर काढून: ६०० मिमी, एफ/८ ला वर्तमानपत्रातली छोट्या जाहिरातींची अक्षरंही स्पष्ट. एफ/६.३ ला किंचित मऊ, पण वाचता येतात. फिल्टर लावून एफ/६.३ ला अक्षरांच्या कडेला सावली येते. तो डबीत ठेवून दिला. लेन्स चांगली आहे. हे वाक्य लिहिताना किती हलकं वाटतंय सांगू शकत नाही.

हातात धरून, उभा राहून, स्टॅबिलायझेशन चालू, दहापैकी शार्प: १/३२० ला तीन, १/६४० ला पाच, १/१२५० ला आठ, १/२००० ला नऊ. मांडवीताईंनी सांगितल्याप्रमाणे खाली बसून: १/३२० ला सहा, १/६४० ला आठ. बसण्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. १/२००० ला स्टॅबिलायझेशन बंद करून परत दहा काढले, तेही नऊ. माझ्या लेन्सला तिथे फरक दिसत नाही, चालूच ठेवेन.

कवडीपाटला आज मॅन्युअल मोड, १/१६००, एफ/६.३, ऑटो आयएसओची मर्यादा ३२००, एएफ-सी, बॅक बटण. अंगठा दोन-तीनदा विसरला. काठावरच्या चिखलात तासभर बसून राहिलो. धोबी आपणहून सहा मीटरवर आला. फोटो खाली आहे, आयएसओ १२५०. कातरून मोठा केलेला नाही.

उडणारा नदी सुरय (टर्न) मात्र एकही मिळाला नाही. चाळीस फ्रेम, सगळ्यात पंखाचं टोक शार्प किंवा काहीच नाही.

नदीकाठ | १४ जानेवारी, रात्री १०.०५

डोळ्यातला उजेडाचा ठिपका आणि गळ्याजवळची एकेक पिसाची कड बघा. मला फार आनंद झाला.

सुरयाला १/१६०० पुरत नाही, १/२५०० ते १/३२०० लागेल. आयएसओची मर्यादा ६४०० करा. झूम ६०० वर नेऊ नका, ४०० ला फ्रेममध्ये सापडतो तरी. आणि पॉइंट एकाऐवजी छोटा गट, कारण मागे मोकळं आकाश असतं, अडायला काडी नसते. लांब असतानाच फोकस पकडायचा, कंबरेतून वळत मागे राहायचं आणि जवळ आला की मग बर्स्ट.

पांढरट पक्षी आहे, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा, नाहीतर पांढरी पिसं पांढरीफटक होऊन तपशील जाईल.

भोवत्या | १४ जानेवारी, रात्री १०.२०

सुरयाआधी घारींवर हात बसवा. मोठ्या, संथ, कुठेही मिळतात, आणि एकाच वाटेने घिरट्या घालतात. मी दोन महिने फक्त घारी काढल्या, मग भोवत्या पक्ष्याच्या (हॅरियर) मागे लागलो.

पाणकावळा | १४ जानेवारी, रात्री १०.३५

आमच्या सोसायटीच्या टाकीवर रोज संध्याकाळी पाच-सहा असतात! उद्यापासून सुरू.

काका, येत्या रविवारी भिगवणला यायचं मनात आहे. तुम्ही येणार असाल तर माझ्या गाडीत दोन जागा आहेत.

नदीकाठ | १४ जानेवारी, रात्री १०.४१

येतो. तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर नऊनंतर हवा थरथरते, त्यामुळे पहाटे चारला निघू. तांदळाची पिशवी मी शिवून ठेवलीय, दोन आणतो.